हिराबाई ग्रामसभेत बोलल्या

घाईत लिहितेय, टायपिंगच्या चुका सांभाळून घ्या.

आज सकाळी आमची ग्रामसभा मोबाईलवर झाली. बोईसर स्टेशनजवळच्या पुलाखाली राहणाऱ्या अकरा माणसांना शाळेचे दोन वर्ग द्यायचे का, एवढाच विषय होता. पण त्या अकरा जणांपैकी एकाकडेही चालू मोबाईल नव्हता. म्हणून माझा घेऊन मी तिकडे गेले.

हिराबाई पुढे आल्या. बिगारी काम करायच्या. लॉकडाऊनमध्ये काम गेलं, मग भाड्याची खोलीही गेली. बोलताना त्यांचा मास्क घसरत होता, खोकला येत होता. मला मागे सरकायचं होतं, पण आवाज पोचला नसता.

"आमाला ताप नाय, ताई. धुळीचा खोकला हाय. चार भिंती द्या, झालं."

सरपंचताई मोबाईलवरून म्हणाल्या, "वर्ग देऊ. आधी सगळ्यांची तपासणी करून घ्या."

दुपारी तपासणी झाली. दहा जण निगेटिव्ह, हिराबाई पॉझिटिव्ह. रुग्णवाहिकेत चढताना त्यांनी मला हात जोडले. "बाय, मी खोटं नाय बोलले. मला खरंच ठाव नवतं."

आता मी मागच्या खोलीत एकटी आहे. चार वर्षांची लेक बाहेरून हाका मारतेय. घसा खवखवतोय की नुसती भीती आहे, कळत नाही.

वर्ग देऊ नका म्हणून गावातून फोन सुरू झालेत. सात वाजता पुन्हा सभा आहे. त्या दहा जणांसाठी मी बोलणार आहे, पण एकटीने बोलायची भीती वाटतेय. गावातलं कुणी हे वाचत असेल, तर सभेत याल का?