आत्यांनी जपलेलं नाव

गल्लीत कुणाला दिवस गेले की आमच्या शेजारच्या आत्या नाव ठरवून मोकळ्या होत. "पोरगं हो का पोरगी, किरणच ठेवा. पुन्हा शोधायची कटकट नाय." त्या मूळच्या पिशोर गावच्या. इथं पुंडलिकनगरात भावाच्या घरी राहत. भाचा आत्या म्हणे, म्हणून सगळी गल्लीच म्हणे.

मुलांनो, किरण हा शब्द संस्कृतातला, 'विखुरणे' या अर्थाच्या धातूपासून आलेला. सूर्यापासून विखुरतो तो किरण. तुमच्या आईबाबांच्या वर्गात किरण नावाचे मुलगे होते, मुलीही होत्या. म्हणून बाई आडनावानं हाका मारत. आज आमच्या गल्लीत त्या नावाचं एकही लहान मूल नाही.

आत्यांना अर्थाशी देणंघेणं नव्हतं. एकदा मेथी निवडता निवडता त्यांनी सांगितलं, "ताई, पोटातल्याला म्या किरण म्हणून हाक मारायचे. झालं तवा रडलंच नाय. कापडात गुंडाळून नेलं. पोरगा का पोरगी, कुणी सांगितलं नाय, म्या विचारलं नाय." पुढे मूल झालं नाही. नवरा गेल्यावर त्या माहेरी आल्या. "घरात एक किरण पायजे, बस्स," म्हणाल्या आणि दुसरी जुडी ओढली.

भाच्याला मुलगा झाला. भाच्याला बहीण नव्हती, तेव्हा बारशात बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्यांचाच. पण फुग्यांवर 'रेयांश' आधीच छापून आलं होतं.

"आत्या, किरण आता कोण ठेवतं? पोरीचं नाव म्हणून वर्गात चिडवतील त्याला," भाचा म्हणाला.

"व्हय का? आता चिडवतेत का?" आत्यांनी एवढंच विचारलं.

पाळण्यावर वाकून त्यांनी ठरलेलं नाव सांगितलं, कुर्र्र केलं. बायकांनी हसत पाठीवर धपाटे घातले. आत्या वाकलेल्याच राहिल्या.

"आत्या, पाळण्यातच निजता का आता?" कुणीतरी म्हणालं.

संध्याकाळी ओट्यावर बसून त्या म्हणाल्या, "हळूच आपलंबी नाव सांगणार होते, ताई. तेवढ्यात त्यानं डोळे उघडून बघितलं. जित्या लेकराला मेलेल्याचं नाव कशाला?" मग ओट्यावरून उठत म्हणाल्या, "संपलं आता त्याचं."

नंतर त्यांनी कुणालाच नाव सुचवलं नाही. या हिवाळ्यात त्या गेल्या. आत्यांच्या त्या न रडलेल्या बाळाचं भाच्याला काही ठाऊक नाही, आणि आता सांगून तरी काय होणार? त्या बाळाला नाव होतं हे जाणणारी मी एकटी उरले आहे, आणि माझंही वय झालं.