राजाच्या फाटकावरच्या झोळ्या

यंदा तान्ह्या पोळ्याला आमच्या गावात ज्या राजाची जयंती साजरी झाली, तो राजा मी बनवलेला आहे. हे मी फुशारकीनं सांगत नाही, वैतागून सांगते आहे. शाळेतून निवृत्त झाल्यावर दुपारी डोकं रिकामं राहू नये म्हणून गावच्या वाचनालयाच्या हस्तलिखित अंकासाठी मी एक लेख लिहिला. त्या लेखात हा राजा होता. आता बाभुळगावच्या रस्त्यावर त्याचा फ्लेक्स लागला आहे आणि त्याच्या पायाशी आमच्या गावातली अर्धी कर्ती माणसं हात जोडून हसत आहेत.

लेखाचं नाव होतं ‘बेंबळेकाठच्या राज्यातला लाल बावटा’. कल्पना साधी होती. समजा, वऱ्हाडचा कापूस इंग्रजांच्या हाती कधी गेलाच नाही. बेंबळा नदीच्या काठी आपला आपला राजा राहिला, पुढे देशातली सगळी संस्थानं गेली तरी हे एक टिकलं, आणि आजही यवतमाळात महाराज गादीवर आहेत. मग अशा राज्यात कम्युनिस्ट पक्ष कसा निघाला असता? मी तो काढला. महाराजांच्या जिनिंगमध्ये कापूस निवडणाऱ्या बायांनी तो काढला असं लिहिलं. महाराजांनी बंदी घातल्यावर पक्षाच्या सभा हळदीकुंकवाच्या नावाखाली भरवल्या, आणि वाणात तिळगुळासोबत पत्रकं वाटली. दरबारात चहा घ्यावा की नाही यावरून पक्षाचे दोन तुकडे केले, कारण त्याशिवाय पक्ष खरा वाटला नसता. शेवटी निवडणूक जिंकून एक बाई राज्याची दिवाण झाली. तिला महाराजांपुढे वाकून शपथ घ्यायची होती. तिनं दरबारात सरळ जमिनीवर बसकण मारली आणि म्हणाली, मी बसून काम करणारी बाई, शपथही बसूनच घेईन. लिहिताना मला इतकी मजा कधीच आली नव्हती.

पण त्या लेखातलं एक प्रकरण मजेचं नव्हतं. पक्षाची सुरुवात मी फाटकावर दाखवली होती. जिनिंगच्या मुकादमानं बायांना हुकूम दिला की शेडमध्ये लेकरांच्या झोळ्या बांधायच्या नाहीत, कापूस घाण होतो. बायांनी झोळ्या सोडल्या आणि राजाच्या लोखंडी फाटकाच्या गजांना बांधल्या. लेकरं झोपली. आता फाटक उघडायचं तर लेकरांसकट उघडावं लागणार. आत महाराजांची मोटार अडली आणि बाहेर कापसाच्या बैलबंड्यांची रांग लागली.

हे मात्र मी बनवलेलं नाही. ही गोष्ट माझ्या आईची आहे. तालुक्याच्या जिनिंगमध्ये ती कापसातली पत्ती आणि कवडी, म्हणजे डागी कापूस, वेचायला जायची, आणि तिनं आणि तिच्यासोबतच्या बायांनी मालकाच्या फाटकाला खरोखर झोळ्या टांगल्या होत्या. दुपारपर्यंत मालकानं लेकरांसाठी वेगळं टिनाचं छप्पर कबूल केलं. यवतमाळहून लाल झेंडेवाला एक माणूस सायकलवर आला तोवर संप मिटला होता. बायांनी त्याला चहा पाजला आणि परत पाठवलं. आई हे सांगायची तेव्हा दरवेळी म्हणायची, ‘सतरा झोळ्या होत्या वं,’ आणि दरवेळी हात वर करून त्या हलवून दाखवायची.

काही वर्षांपूर्वी हाच प्रसंग मी जसाच्या तसा लिहून वाचनालयाला दिला होता. तो परत आला. कोपऱ्यात पेन्सिलनं लिहिलं होतं, ‘पुरावा जोडावा.’ पुरावा कुठून जोडणार? त्या बायांना कोणी फोटोत उभं केलं नव्हतं. टिनाचं छप्पर केव्हाच भंगारात गेलं. तेव्हा मला फार राग आला, आणि त्या रागातूनच पुढे हा राजा निघाला. म्हटलं, खऱ्या गोष्टीला पुरावा मागता ना, मग घ्या खोटं राज्य, खोटा राजा, आणि त्याच्या फाटकाला माझ्या आईच्या सतरा झोळ्या. काल्पनिक गोष्टीला तरी कोणी पुरावा मागणार नाही.

अंकात लेखाच्या पहिल्या पानावर मी ठळक अक्षरांत ‘काल्पनिक’ असं लिहिलं होतं. पण त्या पानावर चित्र नव्हतं, म्हणून कोणीतरी ते सोडून पुढच्या पानांचे फोटो काढले आणि गावच्या ग्रुपवर टाकले. महिनाभरात राजा खरा झाला. मी त्याचा जन्म तान्ह्या पोळ्याचा दाखवला होता, तेवढं लोकांनी बरोबर उचललं. आमच्याकडे माणूस मोठा असला की त्याची जयंती लागते, आणि जयंती म्हटली की समिती, वर्गणी, फ्लेक्स, कमान, स्मरणिका हे आपोआप येतं. महाराजांची तसबीर फोनमध्ये बनवली. मिशा भरपूर आणि डोळे पाणीदार. तो चेहरा मला तरी समितीच्या अध्यक्षाच्या सासऱ्यासारखा वाटतो.

हा अध्यक्ष माझ्याच वर्गात शिकलेला. स्मरणिकेचे कागद घेऊन तो घरी आला, वाकून पाया पडला आणि म्हणाला, “मॅडम, तुमचा लेख पुरा छापून राह्यलो. फक्त ते बायांचं प्रकरण काढलं.”

“काहून?”

“महाराजायची गाडी बाया अडवते, ते शोभत नाही नं. अन् तसं काही झालतं याचा पुरावा काय हाय?”

मी विचारलं, “अन् राजाचा पुरावा काय हाय?”

तो हसला. “काय मॅडम, मजाक करता! महाराज तं होतेच.”

“अरे बाबा, राजा मी बनवला. बाया खऱ्या होत्या. त्याच्यातली एक तिकडे बसून तूर निवडून राह्यली, पाह्य.”

ओसरीत आई सुपात तूर घेऊन बसली होती. नव्वदीला टेकलेली, कान अर्धे गेलेले, पण बोटं अजून खडा सोडत नाहीत. अध्यक्षानं तिच्याकडे पाहून नमस्कार केला आणि आवाज खाली आणला. “आजीले कायले त्रास देता? अन् पाहुणे म्हणून जिनिंगवाले साहेब येऊन राह्यले. मंडपाचा खर्च त्यायचाच हाय.”

ते ऐकून मला सगळं कळलं. हे साहेब म्हणजे त्याच मालकाचे नातू. मी कागद त्याच्या हातात परत दिले आणि सांगितलं, छापायचं तर सगळं छाप, नाहीतर माझा एक शब्द वापरू नको. तो “बघतो” म्हणून गेला, आणि चार दिवसांनी स्मरणिका आली ती फाटकाच्या प्रकरणाशिवाय. माझं नाव मात्र ठळक होतं.

मी ती स्मरणिका आपटली. आईनं विचारलं, “काय काढलं वं त्यायनं?” मी तिच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं. तिनं सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला. मग म्हणाली, “तुह्या राजाले काढलं असतं तरी चाललं असतं. झोळ्या राहू द्यायच्या होत्या.”

तेव्हा मला लाज वाटली. मी आईला राजामागे लपवलं होतं आणि स्वतःला हुशार समजत होते. लोकांनी राजा ठेवला आणि आई काढून टाकली, कारण त्यांना तसं करण्याची सोय मीच करून दिली होती.

तान्ह्या पोळ्याच्या सकाळी गल्लीत लेकरांच्या लाकडी बैलांची खडखड चालू होती. आई आंघोळ करून तयार बसली होती. मांडीवर तिचं एक जुनं नऊवारी लुगडं घडी करून ठेवलेलं. मला म्हणाली, “चाल. अन् तुहे ते कागद घे.” मग माझ्या सुनेला म्हणाली, “पोरीले दे.” माझी नात सात महिन्यांची. सून क्षणभर थांबली, मग स्वतःच तिला कडेवर घेऊन आमच्यासोबत निघाली.

मंडपात जायच्या रस्त्यावर लोखंडी पाइपांची कमान उभी केली होती, वर महाराज आणि दोन्ही बाजूंना केळीचे खांब. आईनं लुगड्याचं एक टोक एका पाइपाला बांधलं, दुसरं समोरच्याला. गाठी मी मारायला गेले तर तिनं माझा हात झटकला. “तुले येत नाही.” दोनदा ओढून पाहिलं आणि नात झोळीत घातली. जमिनीपासून हातभर उंचीवर पोरगी झुलायला लागली आणि थोड्या वेळात झोपली. सून एका बाजूला उभी राहिली आणि आई दुसऱ्या बाजूला खाली बसली, झोळीचा काठ हातात धरून.

साहेबांची गाडी आली. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला.

“हॉर्न नको वाजवू, बापा,” आई म्हणाली. “लेकरू झोपलं हाय.”

अध्यक्ष धावत आला. “मॅडम, आजीले समजवा नं. पाहुणे खोळंबले.”

“माह्यानं नाही होत,” मी म्हटलं. “तू पुरावा मागत होता नं?” आणि पिशवीतून कागद काढून फाटकाचं प्रकरण मोठ्यानं वाचायला लागले. शाळेत पस्तीस वर्षं शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचवला आहे, मला माइक लागत नाही. मंडपातली माणसं बाहेर आली. लाकडी बैल घेतलेली लेकरं पुढे येऊन बसली. साहेब गाडीतून उतरले आणि उन्हात उभे राहिले. मी घाई केली नाही. लोक एकदा माझ्याकडे बघत होते आणि एकदा झोळी हलवणाऱ्या म्हातारीकडे.

‘महाराजांच्या फाटकाला सतरा झोळ्या होत्या,’ इथं मी पोचले तेव्हा आईनं हात वर केला.

“अठरा,” ती म्हणाली.

मी थांबले. “माय, तूच तं सतरा म्हणते.”

“सतरा बाकीच्यायच्या. अठरावी तुही होती. तुले काय वेगळं सांगा लागते?”

सगळे माझ्याकडे बघत होते. मी अध्यक्षाच्या खिशातला पेन काढून घेतला, कागद गाडीच्या बॉनेटवर ठेवून ‘सतरा’ खोडलं, वर ‘अठरा’ लिहिलं, आणि ते वाक्य पहिल्यापासून पुन्हा वाचलं.