डब्याखालचा समुद्र

"सरका हो, सावली येतेय!"

आमचे एक शेजारी नळावर, जिन्यात, अगदी चाळीच्या सभेतही वाट मागायचे ती अशी. तुमच्याही चाळीत असा एखादा वल्ली असेलच.

रविवारी पहाटे पोटाशी बॉक्स कॅमेरा धरून ते प्रभादेवीच्या किनाऱ्यावर निघत. बरोबर मीही असायचो. खोटं कशाला बोलू, परतताना ते चहा पाजत.

"आपल्याकडे ऊन पाठीमागून येतं, गिरण्यांवरून," ते समजावत. "आधी लांबच्या शिडांवर पडतं, मग लाटांवर, शेवटी वाळूवर. वाळूवर आलं की आपलं काम संपलं."

कारण मग त्यांचीच लांबलचक सावली फोटोत घुसायची. असा फोटो त्यांच्या लेखी बाद. बाद फोटो त्यांच्या घरी वहिनी फडताळात डब्यांखाली अंथरत. एवढा जाड कागद फुकट का घालवा?

वहिनींचं मागणं एकच होतं. लग्नात फोटो निघालाच नव्हता.

"अहो, एकदा तुमचा काढून घ्या ना."

"माझ्यात काय बघायचंय? रोज बघतेसच की!"

"रोज बघते म्हणूनच मागते."

शेवटी संयुक्त महाराष्ट्राच्या त्या धामधुमीत, एका रविवारी मीच हट्टाला पेटलो. म्हटलं, "आज तुम्ही होडीपाशी उभे राहा, मी काढतो." तान्हं मूल द्यावं तसा त्यांनी कॅमेरा माझ्या हातात दिला. टोपी सरळ केली, पोट आत घेतलं. मी खटका दाबला आणि मलाच धाप लागली.

परतताना रस्त्यात शिपायाने अडवलं. आदल्या दिवशी मोर्चा झाला होता, कॅमेरा दिसला की संशय.

"उघडा. रीळ बाहेर काढा."

"अहो, आत नुसता समुद्र आहे."

"असेल. काढा."

त्यांनी स्वतःच झाकण उघडलं आणि रीळ उलगडलं. कोवळं ऊन होतं, पण रीळ जायला तेवढं पुरे. माझ्या ओठावर शिवी आली होती, ते मात्र झाकण लावून चालू लागले.

वहिनी दारातच उभ्या. "आला का चांगला?"

"ऊन जरा जास्त झालं गं. पुढच्या रविवारी परत काढू."

पुढच्या रविवारी ढग आले. मग रीळ मिळेना. मग त्यांना खोकल्याने धरलं, तो सुटलाच नाही. आपलं राज्य झालं तेव्हा चाळभर दिवे लागले, पण ते बघायला ते नव्हते.

ते गेले त्या दिवशी हार घालायला घरात फोटो नव्हता. पेटीभर होड्या, जाळी, शिडं, आणि हा माणूस कुठेच नाही! मला रडूच कोसळलं.

तेराव्याला सकाळी गेलो, तर भिंतीवर हार घातलेला फोटो. समुद्रावर डब्याचा गोल डाग. खाली वाळूवर लांब सावली: डोक्याला टोपी, पोटाशी कॅमेरा धरल्याने दोन्ही बाजूंना निघालेली कोपरं. चाळीतल्या कुणीही ओळखलं असतं.

"हिंगाच्या डब्याखाली होते," वहिनी म्हणाल्या.

मी नीट बघायला पुढे झालो. दारातून आलेलं ऊन माझ्या पाठीवर होतं.

"भाऊजी, जरा सरका," त्या हळूच म्हणाल्या. "त्यांच्यावर सावली येतेय."