मुलीच्या खात्यावरची सही

मी झरीजवळच्या एका शाळेत मास्तर. मुलगी चौथीत असताना आमच्या कारकुनाच्या सांगण्यावरून तिच्या नावानं पोस्टात मुलींसाठीचं बचत खातं काढलं. खरं कारण एवढंच, की प्राप्तिकर वाचत होता. दर मार्चला घाईघाईत भरणा करायचा आणि विसरून जायचं. बायकोनं मात्र ते पैसे मनात तिच्या लग्नासाठी राखून ठेवले होते.

बारावीनंतर मुलगी म्हणाली, परभणीत डायलिसिस टेक्निशियनचा कोर्स करायचाय. माझ्या थोरल्या भावाला डायलिसिस लागायचं, त्याच्यासोबत दवाखान्यात तीच जायची. मशीन लावणाऱ्या बाईंना विचारून विचारून तिनं बरंच समजून घेतलेलं. मला तिनं बी.एस्सी. करावं असं वाटत होतं. हे कसलं शिक्षण, असं मी बोलूनही गेलो.

ती शांतपणे म्हणाली, "बाबा, मोठ्या बाबांना सुई लावायचं काम शिकल्याबिगर येतंय का कुणाला?"

दुसऱ्या दिवशी मी तिच्यासोबत परभणीला जाऊन प्रवेशाचा अर्ज भरला.

फीसाठी त्या खात्याची आठवण झाली. पण मेव्हण्यानं सांगितलं, ते पैसे फक्त डिग्रीला नाहीतर लग्नाला मिळतात. आठवडाभर मी पोस्टात जायचं टाळलं. नकार आला तर पोरीला काय सांगायचं, हे सुचत नव्हतं.

शेवटी तीच मला घेऊन गेली. खिडकीतल्या बाईंनी प्रवेशाचं पत्र आणि फीची पावती पाहिली. संस्था मान्यताप्राप्त आहे, बारावीही झाली आहे, शिल्लक रकमेतली निम्मी काढता येईल, असं त्या म्हणाल्या. तेवढ्या पैशात फी भागत होती. मी खिशातला पेन काढला, तशा त्या म्हणाल्या, "सर, तुमची सही चालायची न्हाई. ती अठराची झाली. खातं आता तिचं हाय."

पेन तिच्या हातात दिला. तिनं पूर्ण नाव लिहून सही केली, अगदी सावकाश. बाहेर येऊन आम्ही रसवंतीवर उसाचा रस प्यालो. कित्येक दिवसांनी मला भूक लागली होती.

ती पास झाली, टेक्निशियन म्हणून नोंदणी झाली, आता जिंतूरच्या एका दवाखान्यात लागली आहे. परवा बायको म्हणाली, "खात्यातले उरलेले पैसे ऱ्हाऊ द्या तिच्या नावानं. काय करायचं ते तिचं ती बघंल."