खांबाशी मोजलेली उंची

मागच्या सुट्टीत तुम्ही दोघांनी कपाटातली आईची सगळी पदकं जमिनीवर मांडलीत आणि विचारलंत, "आजी, यातलं पहिलं कुठलं?" मी बोट दाखवलं आणि विषय बदलला. त्या पदकाच्या आधीचं एक वर्ष असं आहे की त्याची कपाटात काहीच खूण नाही, आणि त्याला कारण मी आहे. तुमची आई पुढे राज्याची विजेती झाली, देशाकडून उडी मारून आली, त्याच जोरावर तिला नोकरी मिळाली. ते तिला विचारा. हे मात्र ती सांगणार नाही, म्हणून मी लिहिते.

नव्वदचं दशक अर्धं सरलं होतं. आपण गिरीजच्या वाडीतच राहत होतो आणि ती नववीत होती. शाळेतल्या पीटीच्या सरांनी तिला पाठीवर पडायची उंच उडी शिकवली. शाळेत पडायला नुसती वाळू. सर म्हणाले, "बाई, पाठीखाली मऊ काहीतरी हवं. तेवढं तुम्ही बघा." आमच्याकडे केळीच्या वाळक्या पानांना तोटा नव्हता. तुमच्या पणजीने आणि मी ती गोणपाटांत दाबून भरली, दाभणाने शिवली आणि विहिरीमागे रचली. पणजी म्हणायच्या, "सूनबाई, माझा मुलगा चटईवर झोपतो आणि तू गादी शिवतेस ती पडायला."

आडवी काठी हवी होती, पण बांबू तिच्या पाठीला लागेल अशी मला भीती. म्हणून मी दोन खांबांना सुंभाची दोरी बांधली. रोज सकाळी खांबाशी टेप लावून उंची मोजायची आणि तारीख घालून वहीत लिहायची, हे माझं काम. शाळा-कॉलेजात मला लागलेली सवय. आठ महिन्यांत वहीतला आकडा दीड मीटरवर पोहोचला.

तुमच्या आजोबांनी स्पष्ट सांगितलं होतं, "यंदा राज्याच्या स्पर्धेला जिल्ह्यातून निवड झाली तर पुढे बघू. नाहीतर पुढचं दहावीचं वर्ष आहे, उड्या बंद." ते बोलले की बोलले, हे तिला माहीत होतं.

निवड ठाण्याला होती. आपला जिल्हा तेव्हा तोच. उंच उडीत सुरुवातीच्या उंच्या सोडून देता येतात, म्हणजे पाय ताजे राहतात. तिने मला विचारलं, "आई, सोडू?" मी वही उघडून म्हटलं, "सोड. एकशे पंचेचाळीस तू सहज जातेस." ती थेट तिथून सुरू झाली. तीन प्रयत्न, तिन्ही वेळा काठी पाठीबरोबर खाली. एकही उंची नोंदली गेली नाही. तिच्याहून कितीतरी कमी उडणाऱ्या मुलींची नावं कागदावर होती, तिच्यापुढे रेघ.

दुसऱ्या दिवशी आजोबा दोरी सोडायला गेले, त्यांना ती पडवळाच्या मांडवाला हवी होती. हात खांबावर ठेवून थबकले. केळीची ओळ सरळ आहे का बघताना मिटतात तसा एक डोळा मिटला.

"उंची कुठे मोजायचीस?"

"खांबाशी."

"आणि ती उडायची कुठून?"

त्यांनी दोरीच्या मधोमध जमिनीपासून टेप लावली. चार बोटं कमी. सुंभ कितीही ताणा, मधे झोळ पडतोच.

"एवढं इंग्रजी शिकलीस," ते म्हणाले, "पण मांडव कधी बांधला नाहीस."

तिला सांगणं भाग होतं. ती ओट्यावर शेंगा सोलत बसली होती. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. ती ओरडेल, रडेल, असं वाटलं होतं. तिने वही मागितली आणि पेन्सिलने प्रत्येक आकड्यातून चार बोटं वजा करत गेली. शेवटच्या पानावर येऊन म्हणाली, "म्हणजे उड्या खऱ्याच आहेत, फक्त जरा बुटक्या. आणि काल मी वाईट नव्हते उडले."

दारातून आजोबांनी ते ऐकलं. म्हणाले, "पोरीचा दोष नाही, दोरीचा आहे. आणखी एक वर्ष घे." त्याच दुपारी त्यांनी एक बांबू शेकून सरळ केला आणि त्यावर माझं जुनं लुगडं गुंडाळलं. खांबांना खाचा पाडून तो अलगद ठेवला, धक्का लागला की पडावा असा. मोजायला तिने टेप माझ्याच हातात दिली. त्या पोरीचं मन केवढं मोठं होतं, हे मला तेव्हा कळलं. मुलांनो, त्याबद्दल मी अजून देवाचे आभार मानते.

पुढल्या वर्षी ठाण्याला ती सगळ्यात खालच्या उंचीपासून उडाली. एक लहान मुलगी हसून म्हणाली, "ताई, तू पण इथूनच?" ही म्हणाली, "हो, मागच्या वर्षी मधूनच सुरू केलं होतं, घरी लवकर जावं लागलं." मग एकेक मुलगी बाद होत गेली, आणि दोघी उरल्यावर मी बघायचं सोडून दिलं.

आजोबा शेवटपर्यंत बघत होते. निवडीचा कागद घेऊन सर आले तेव्हा त्यांनी तो पूर्ण वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि सरांना विचारलं, "शिबिराला दहावीची पुस्तकं नेऊ देतात ना?"