हजर राहायचं, सामील व्हायचं नाही

आमचे जावई शाळेत व्यायाम शिकवतात. मुलं त्यांना शिट्टीसर म्हणतात, आणि रागावली की माझी लेकसुद्धा तेच म्हणते. माणूस लाख मोलाचा, पण स्वस्थ बसणं काही त्यांच्या अंगात नाही.

नोकरी अजून कायम झाली नव्हती. मोठ्या बाईंची सही व्हायची होती, आणि आमचा सगळा जीव तिथं अडकलेला. त्यात काही मुलांनी मधल्या सुट्टीत प्रार्थनेला एक वर्ग मागितला. ज्यानं त्यानं आपल्या देवाची करायची, कुणी कुणाला शिकवायची नाही. बाई हो म्हणाल्या, पण पोरं एकटी सोडायची नाहीत म्हणून राखणीला जावयांना नेमलं. वर बजावलं, "हजर राहायचं, सामील व्हायचं नाही. तुम्ही प्रार्थना घेताय असं दिसलं, तर सही विसरा."

जावयांनी ते फारच मनावर घेतलं. फळ्यापाशी, मुलांसमोर खुर्ची टाकली. हात जोडल्यासारखे दिसू नयेत म्हणून मांडीखाली घातले, तर मुंग्या आल्या. मान जरा झुकली की दचकून वर. शेवटी उभे राहिले आणि हात वर, हात खाली, कमरेत वाक, असं सुरू केलं. व्यायाम करणारा माणूस प्रार्थना करत नाही, हे कुणालाही दिसेल, असा आपला त्यांचा हिशेब.

आता डोळे मिटलेली पोरं किती डोळे मिटतात, ते मला नका सांगू. माझी नात त्याच वर्गात बसायची. ती म्हणते, आधी एकानं एक डोळा किलकिला केला, मग दुसरीनं. सर करताहेत म्हणजे करायचं असणार! सगळी उठली आणि वाकायला लागली. जावयांना वाटलं, यांच्यात अशीच प्रार्थना असेल, विचारणं बरं दिसत नाही. बघता बघता चेंडू खेळणारी टोळीसुद्धा यायला लागली.

एक दिवस मोठ्या बाई दारात.

"सर, हा कुठला नवा धर्म?"

"मुलांचा असेल बाई. मी नुसता हजर आहे."

"आधी हात खाली घ्या!"

त्यांनी घेतले. सगळ्यांनी घेतले. त्यांनी घाम पुसला. सगळ्यांनी कपाळं पुसली.

घरी आले ते तोंड पाडून. लेक म्हणाली, "अहो, धर्मच काढायचा होता तर सही झाल्यावर काढायचा!"

"आई, गेली हो नोकरी," ते मला म्हणाले.

मी म्हटलं, "रडताय काय? बाईंना म्हणा, एक दिवस त्या खुर्चीत तुम्हीच बसून बघा."

बिचाऱ्यांनी घाबरत घाबरत सांगितलं, आणि बाई खरंच बसल्या. अगदी दगडासारख्या. जावई दाराबाहेर. तेवढ्यात बाईंच्या नाकावर माशी बसली. बाईंनी मान झटकली. वर्गानं मान झटकली. बाईंनी दोन्ही हात उडवले. वर्गानं उडवले, आणि चेंडूवाल्यांनी तर फारच भक्तिभावानं.

बाई उठल्या. अर्थात सगळेच उठले.

"सर," त्या म्हणाल्या, "ही खुर्ची उचला आणि मुलांच्या पाठीमागे ठेवा. आणि सहीसाठी दुपारी या."

आता जावई मागच्या भिंतीशी हवे तसे वाकतात, आणि पुढे पोरं आपापल्या देवाशी बोलतात. चेंडूवाले मात्र दुसऱ्याच दिवशी मैदानावर परत गेले. नुसती प्रार्थना त्यांना अळणी लागली म्हणे.