हरकत, तीन प्रतींत

आमच्या काकांनी जन्मात एकाही गोष्टीला पहिल्या फटक्यात ‘बरं’ म्हटलेलं नाही. जन्माला आले तेव्हासुद्धा ते रडले नसणार, त्यांनी हरकत नोंदवली असणार, असं माझी मावशी म्हणते. आणि तिला तसं म्हणायचा पूर्ण अधिकार आहे, कारण गेली चाळीस वर्षं ती त्यांच्याशी संसार करते आहे. लग्नात बोहल्यावर उभं राहून त्यांनी भटजींना विचारलं होतं, ‘‘पत्रिकेत दहा अठ्ठेचाळीस छापलंय, तुमच्या घड्याळात दहा पन्नास झालेत. मधल्या दोन मिनिटांचा खुलासा काय?’’ भटजींनी खुलासा न करता मंगलाष्टकांचा आवाज वाढवला. अंतरपाटापलीकडे मावशीला हसू आवरेना. ‘‘तितंच फसले मी,’’ असं ती अजून सांगते, पण सांगताना हसतेच.

काकांची वाडी एडवणच्या अलीकडे, समुद्राच्या बाजूच्या एका गावात आहे. पानवेल, केळी, मधल्या जागेत थोडी भाजी. गावात पानवेल लावणाऱ्या बागायतदारांची एक सहकारी सोसायटी आहे. ती खतं विकते, सगळ्यांच्या पानांच्या टोपल्या एका गाडीत भरून बाजारात धाडते आणि पाच वर्षांनी एकदा निवडणूक घेते. पहिल्या दोन कामांबद्दल गावात फारसं कोणी बोलत नाही. निवडणुकीबद्दल मात्र उरलेली चार वर्षं बोलणं चालतं, आणि त्या बोलण्याचा मोठा भाग काकांकडून येतो. ते स्वतः कधी उभे राहिले नाहीत. मी एकदा विचारलं, तर माझ्याकडे कीव आल्यासारखं बघून म्हणाले, ‘‘मी उभा रायलो तर हरकत कोण घेनार? तू?’’

मी बोईसरच्या एका कारखान्यात नोकरीला, राहायला तिथल्याच सरावली गावात. माझ्याकडे कॉम्प्युटर आणि रविवार या दोन्ही गोष्टी आहेत, हे काकांच्या ध्यानात आल्यापासून त्यातलं काहीच माझं राहिलं नाही. ते सकाळच्या एसटीनं निघायचे, पिशवीतून केळ्यांची फणी आणि हाताने लिहिलेला हरकतीचा मसुदा एकदमच बाहेर काढायचे. मी टाइप करायचा. प्रती नेहमी तीन. एक निवडणूक अधिकाऱ्याला, एक सोसायटीच्या अध्यक्षांना आणि तिसरीवर पोच. पोच, म्हणजे अर्ज मिळाल्याचा शिक्का आणि सही, हे काकांचं खरं व्यसन. अर्ज मंजूर होतो की फेटाळला जातो याची त्यांना विशेष फिकीर नसे, पोच मिळाली की चेहरा उजळायचा. माझ्या मुलीच्या बारशाला त्यांनी चांदीचा वाळा आणला होता. तो देऊन झाल्यावरही ते थोडा वेळ हात पुढे करून उभे होते, ते कशासाठी हे फक्त मला आणि मावशीला कळलं.

एकदा ते आले नेमके आमच्या इमारतीची बैठक चालू असताना. पाण्याच्या टाकीचा विषय होता. काका पायऱ्या चढता चढता थांबले, पाच मिनिटं ऐकलं आणि हात वर केला. आमचे सेक्रेटरी उत्तरेकडचे, स्वभावाने गरीब. म्हणाले, ‘‘अंकल, आप तो मेंबर ही नहीं हैं।’’ काका म्हणाले, ‘‘मेंबर नाय, म्हनून तर निःपक्ष हाय!’’ टाकीचा विषय त्या दिवशी पुढे ढकलला गेला. पुढे ती टाकी बसवणारा माणूस दुसऱ्या एका इमारतीचे पैसे घेऊन पळून गेला आणि काकांमुळे आपण वाचलो असं सेक्रेटरी जिन्यात भेटेल त्याला सांगू लागले. मी काकांना हे कळवलं नाही. त्यांनी ते लेखी मागितलं असतं.

पण हे सगळे किरकोळ सामने. काकांचं खरं युद्ध अध्यक्षांशी. सोसायटीचे अध्यक्ष म्हणजे काकांचे शेजारी, दोघांच्या वाड्यांमध्ये एक निवडुंगाचं कुंपण. शाळेत एका बाकावर बसलेले. तीस वर्षांपूर्वी अध्यक्ष पहिल्यांदा निवडून आले, काकांनी पहिली हरकत घेतली, आणि तेव्हापासून दोघांचं बोलणं लेखी झालं. काकांच्या विहिरीवरची पाण्याची मोटार एका उन्हाळ्यात जळली तेव्हा पानवेल माना टाकायला लागली होती. काकांनी कुंपणावरून हाक नाही मारली, अर्ज धाडला: ‘अर्जदाराच्या वेलीस चार दिवस पाणी मिळणेबाबत.’ कुंपणापलीकडून अर्ध्या तासात पाणी आलं आणि त्यामागून तोच अर्ज, कोपऱ्यात ‘मंजूर’ असा शेरा मारून. काकांनी तो कागदही फायलीला लावला. मावशीचं मत तीस वर्षं अध्यक्षांनाच जातं, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. काकांना सोडून.

मागच्या निवडणुकीत अध्यक्षांना नारळ हे चिन्ह मिळालं. काकांनी त्याच दिवशी हरकत घेतली. मतदान केंद्रापासून शंभर मीटरच्या आत प्रचाराचं साहित्य चालत नाही, आणि केंद्र ज्या शाळेत, तिच्याभोवती तर नारळाची झाडं आहेत, तीही फळांसकट, तेव्हा ती झाकावीत किंवा चिन्ह बदलावं. अधिकारी नवे होते, घाटावरून आलेले. त्यांनी खिडकीतून वर पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि चिन्ह बदलून कपबशी दिली. काका खूश झाले नाहीत. मतदानाच्या दिवशी केंद्राजवळच्या टपरीवर जाऊन त्यांनी कपबशीतून चहा द्यायला हरकत घेतली. टपरीवाल्याने कुठून कुठून स्टीलचे पेले गोळा केले. अध्यक्ष निवडून आलेच, पण सोसायटीत चहा तेव्हापासून पेल्यातूनच देतात.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. सोसायटीच्या वार्षिक सभेला गणपूर्ती लागते, म्हणजे ठरावीक माणसं हजर असल्याच्या सह्या रजिस्टरात लागतात. त्या कधीच भरत नाहीत. मग सभा तहकूब करतात, अर्धा तास सगळे चहा पितात, वेफर खातात आणि नंतर त्याच जागी, त्याच माणसांत, तीच सभा नियमाप्रमाणे पुन्हा भरते. काका प्रत्येक सभेला सगळ्यांच्या आधी हजर. पण रजिस्टरात सही करायची नाही, हा त्यांचा पण. ‘‘माजी सही म्हंजे ह्यांची गनपूर्ती. ती आमी का भरून द्यावी?’’ सोसायटीचा चहासुद्धा घ्यायचे नाहीत. मावशीने दिलेला थर्मास घेऊन शेवटच्या रांगेत बसायचे. चहा घेतला की तोंड गोड होतं आणि मग कडू बोलता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. तीस वर्षांत सभेत सगळ्यांत जास्त बोललेला माणूस कोण, असं विचारलं तर शेंबडं पोरही काकांचं नाव सांगेल. आणि तीस वर्षांत रजिस्टरात सही एकही नाही.

गेल्या वर्षी सोसायटीत नव्या सचिवबाई आल्या. नियमाला पक्क्या. काकांना त्या इतक्या आवडल्या, की त्यांनी लगोलग माझ्याकडून एक अर्ज टाइप करून घेतला: ‘मतदार यादी तोंडे बघून न करता केवळ हजेरी रजिस्टरातील सह्या बघून करणेबाबत.’ कारण नियम असा आहे, की पाच वर्षांत जो एकाही सभेला हजर नाही त्याला मत नाही, आणि काकांना संशय होता की अध्यक्षांचे चार-पाच लोक सभेला न येताच यादीत बसलेत. मी टाइप करताना माझ्या डोक्यात काहीच आलं नाही. त्यांच्या तर नाहीच. सचिवबाईंनी पोच दिली, वर ‘सूचनेप्रमाणे कार्यवाही होईल’ असंही लिहिलं. ती पोच काकांनी फायलीत सगळ्यांत वर लावली.

यंदा निवडणूक लागली. यादी फळ्यावर लागली त्या सकाळी काका कानाला पेन्सिल लावून ती तपासायला गेले. अध्यक्षांचे चार-पाच लोक खरंच उडाले होते. मावशीचं नाव होतं, ती सभेला जाऊन निमूट सही करत आली होती. सभासद क्रमांक सत्तेचाळीस, म्हणजे काका, यादीत नव्हते.

मला मावशीचा फोन आला. ‘‘ये बाबा तू. सकाळपासून एक शब्द बोलले नायत.’’ मी पोहोचलो तेव्हा काका ओटीवर बसले होते, मांडीवर ती फाईल. केळफुलाची भाजी पुढ्यात तशीच. मी म्हटलं, आपण हरकत घेऊ. त्यांनी मान हलवली. ‘‘कशावर घेनार? बाईंची चूक नाय. नियम बरोबर हाय. अर्ज माजाच हाय.’’ मग माझ्याकडे न बघता, ‘‘तीस वर्सं मी तितं नव्हतोच, असं झालं रे.’’ मला त्या माणसाचं हसूच येत आलं होतं आजवर. त्या दिवशी मात्र मी ती केळफुलाची भाजी झाकून ठेवली.

मावशी कच्च्या गुरूची चेली नव्हे. तिने मला आत बोलावलं आणि आपल्या नावाने हरकत लिहायला लावली: ‘माझ्या यजमानांचे नाव यादीत असणेबाबत.’ तीन प्रती. मग पदर खोचून ती कुंपणाशी गेली आणि पलीकडे अध्यक्षांना हाक मारली. काय बोलली ते मला ऐकू आलं नाही, पण परत येताना तिचा चेहरा मोकळा होता.

सुनावणी पालघरला, सहकाराच्या कचेरीत. मी काकांना जवळजवळ ओढतच नेलं. साहेबांनी सचिवबाईंचं रजिस्टर पाहिलं, मावशीचा अर्ज वाचला आणि विचारलं, ‘‘हजर होते याला पुरावा काय?’’ मावशी काही बोलणार तेवढ्यात दारातून अध्यक्ष आले. हातात काठी, खांद्याला खताच्या गोणीची पिशवी, आणि पिशवीत सोसायटीच्या सभांची इतिवृत्तं. चष्मा नाकावर घेऊन त्यांनी उभ्यानेच वाचायला सुरुवात केली.

‘‘सभासद क्रमांक सत्तेचाळीस यांनी उभे राहून गणपूर्ती नसल्याची हरकत घेतली.’’ पान उलटलं. ‘‘पुढच्या वर्सी. सभासद क्रमांक सत्तेचाळीस यांनी मागील सभेत त्यांची हरकत त्रोटक लिहिल्याबद्दल हरकत घेतली. त्याच्या पुढच्या वर्सी. सभासद क्रमांक सत्तेचाळीस यांनी हरकत ऐकू जात नसल्याने पंख्यास हरकत घेतली. पंखा बंद करण्यात आला.’’

साहेबांनी ओठ दाबून धरले होते. म्हणाले, ‘‘अध्यक्ष, हे सगळं तुम्ही लिहून घेतलंत?’’

‘‘नाय घेतलं तर पुढच्या वर्सी त्यावर हरकत येनार ना, साहेब.’’

‘‘पण हे यादीत नसले तर तुमचंच बरं होतं की.’’

अध्यक्षांनी पुस्तक मिटलं. ‘‘ह्याचं नाव यादीत नसलं, तर निवडनूक लागली हाय हे आमच्या गावाला कळनार कसं?’’

साहेब लिहायला लागले. सगळं जमून आलं होतं. आणि काका उभे राहिले. ‘‘साहेब, माजी हरकत हाय. इतिवृत्त म्हंजे हजेरी रजिस्टर नव्हे. हा पुरावा धरता येनार नाय.’’

मावशीने कपाळाला हात लावला. साहेबांचं पेन तसंच थांबलं. अध्यक्ष काठी टेकत काकांपाशी आले आणि तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्याशी तोंडाने बोलले. आधी शाळेतल्या टोपणनावाने हाक मारली. ते नाव मी इथे लिहीत नाही, नाहीतर मला तीन प्रतींत उत्तर द्यावं लागेल. मग म्हणाले, ‘‘आता गप बस की रे. एकदा तरी गप बस.’’

काका खरंच खाली बसले. नाव यादीत आलं. घरी जाताना एसटीत काका आणि अध्यक्ष पुन्हा एका बाकावर बसले.

काका पुन्हा टवटवीत झाले. अध्यक्षांचा उमेदवारी अर्ज येण्याआधीच त्यावरची हरकत माझ्याकडून टाइप करून घेतली, फक्त तारखेची जागा मोकळी ठेवली. शेवटच्या दिवशी ते दुपारी तीन वाजेपर्यंत कचेरीत बसून राहिले. अध्यक्षांचा अर्ज आलाच नाही. आता डोळ्यांनी नीट दिसत नाही, इतिवृत्त वाचतानाच लक्षात आलं, असं त्यांनी मावशीला कुंपणावरून सांगितलं. निवडणूक बिनविरोध झाली, आणि गावातली एक हुशार बागायतदार बाई अध्यक्ष झाली. काकांनी तिच्याबद्दल चौकशी केली, पण हरकत घ्यावी असं काही सापडलं नाही. चार दिवस त्यांना पेन्सिल कुठे ठेवली ते आठवत नव्हतं.

परवा वार्षिक सभा झाली. मी मुद्दाम गेलो होतो, पिशवीत तारीख न घातलेल्या त्या तीन प्रती घेऊन. काकांनी थर्मास आणला नव्हता. रजिस्टरापाशी थांबून त्यांनी पेन हातात घेतलं, वरच्या सह्या मोजल्या आणि खाली आपली सही केली. नेमकी त्या सहीने गणपूर्ती झाली. सभा तहकूब होईना म्हणून वेफर कधी खायचे हे कोणाला कळेना. शेवटी ठराव चालू असतानाच चहा फिरवला.

शेवटच्या रांगेत काकांच्या शेजारी माजी अध्यक्ष येऊन बसले होते. अहवाल वाचून झाला. कोणाची हरकत, असं व्यासपीठावरून विचारलं, आणि अख्खी सभा सवयीने मागे वळून बघायला लागली. माजी अध्यक्षांनी काकांना कोपराने ढोसलं. ‘‘अरे, बघतायत सगळे. घे ना हरकत.’’

काकांनी हात अर्धा वर नेला. व्यासपीठाकडे पाहिलं, मग बाजूला पाहिलं, आणि हात खाली घेऊन हळूच म्हणाले, ‘‘कोनावर घेऊ? तू तर हितं बसलायस.’’

मग त्यांनी समोर आलेला चहाचा पेला उचलला आणि सोसायटीचा चहा जन्मात पहिल्यांदा प्यायले.